उलट्या रिळांचा सिनेमा

(भिलाई, १९८४. रविवारची संध्याकाळ. सेक्टर १० मधल्या क्लबात सिनेमा पाहून सूर्यकांत आणि त्याची बायको विजया पायी क्वार्टरकडे निघाले आहेत. सूर्यकांतचे वडील श्यामराव, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेले, थोडे पुढे चालताहेत.)

सूर्यकांत : मंग त्या लंबूचं लगीन झालं का मोडलं? मेरे तो कुछ पल्ले नहीं पडा.

विजया : झालं ना. शेवटी नाही का, पोरीच्या बापानं त्याले मिठी मारली?

सूर्यकांत : अगं, पण सुरुवातीलेच तर ती बायको बनून त्याले तव्यानं मारून राहिली होती! मंग शेवटी तिलेच पाहाले कसा गेला?

विजया : दोन बायका असतील.

सूर्यकांत : अन् दोघींचं नाक सारखंच?

विजया : मले काय विचारता? मधात पाट्या आल्या, त्या कोणत्या लिपीतल्या होत्या तेही समजलं नाही.

सूर्यकांत : सिनेमा आणणाऱ्या त्या ओमप्रकाशची कमाल आहे. क्लबात सगळ्यांले सांगत सुटला, मूक जमाने की कॉमेडी मिली है, दुनिया इसे भूल चुकी है. अरे, भूल चुकी है तो कोई वजह होगी ना! अर्धे लोक उठून गेले.

विजया : त्यांले वाटलं, नेहमीचा नावाजलेला नट असन. याचं तर नावही कोणी ऐकलं नव्हतं. पण बाबा किती हसले हो! आई गेल्यापासून असं हसताना मी त्यांले पाहिलंच नव्हतं.

सूर्यकांत : तेच तर. कोणीच हसत नव्हतं, तवा हे एकटेच हसून राहिले होते. उद्या डॉक्टरले हेही सांगजो.

विजया : हळू बोला ना. ऐकतील.

सूर्यकांत : ऐकून समजते कुठं? काल विचारलं, बाबा, पेपर कुठं आहे? तर म्हणे, दोन पोळ्या खाल्ल्या. अन् नेहरू नगरच्या हायवेवर काय झालं, ते विसरली तू? मागून ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन थकला, लोक बोंबलून राहिले, अन् हे मधोमध आरामात चालले. होश में आदमी ऐसा करता है?

विजया : म्हणून वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं?

सूर्यकांत : रायपूरचा डॉक्टर म्हणाला, तर भरतीही करू.

विजया : एकट्याले? तिथं?

सूर्यकांत : मले काय हौस आहे? ड्युटीवर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो. वाटते, आला बाबांच्या अपघाताचा निरोप.

विजया : बाबा! जरा थांबा ना! बाबा! ... पाहा, थांबतच नाहीत. मी पुढं जाते. ... बाबा.

श्यामराव : अं? विजया! दमली का गं?

विजया : नाही. म्हटलं, सिनेमा आवडला का?

श्यामराव : बाप्पा! हसून हसून पोट दुखलं. पण मशीनवाल्यानं रिळं उलटी लावली, नाही का?

विजया : उलटी?

श्यामराव : मागचं आधी अन् आधीचं मागं. पहिले त्याची टोपी चेपलेली, अन् मंग कोरी करकरीत कशी झाली? ते तव्याचं भांडण लग्नानंतरचं होय. तो आला होता नळ दुरुस्त कराले. घरच्या लोकाईले वाटलं, पोरगी पाहाले पाहुणा आला. बसवलं जेवाले.

विजया : तो नळवाला होता?

श्यामराव : मंग? खांद्यावर पाइप घेऊन कोणता नवरदेव येते? सासऱ्याच्या डोक्याले लागला ना तो पाइप, वळता वळता! पोरीनं पहिल्याच घासाले ओळखलं होतं, हा तो नाही म्हणून. पण बापाले म्हणाली, हाच पाह्यजे.

सूर्यकांत : म्हणाली? बाबा, सिनेमा तर मुका होता.

श्यामराव : मोठी चलाख पोरगी.

विजया : बाबा, इकडं पाहा. सिनेमा मुका होता, मंग ती काय म्हणाली, ते तुमाले कसं समजलं?

श्यामराव : त्यात काय आहे? डोळे कुठं गेले, हात कुठं गेला, ओठ कसे हलले. घरी मी रोज हेच तर पाहून राहिलो.

विजया : घरी? कोणाचे ओठ?

श्यामराव : तुमचे. दुसरं कोण आहे घरात?

विजया : ... अहो, तुमी तिथंच थांबा, बाबांच्या मागं. अन् मोठ्यानं हाक मारा.

सूर्यकांत : रस्त्यावर? लोक काय म्हणतील?

विजया : मारा म्हणते ना!

सूर्यकांत : बाबा! ... ओ बाबा! ... बाबा, साप! पायाजवळ साप!

श्यामराव : अशी काय पाहून राहिली गं माझ्याकडं? तोंड काहून उतरलं तुझं?

विजया : अहो, यांचं डोकं चांगलं आहे. यांले ऐकूच येत नाही.

सूर्यकांत : असं कसं? मिलमध्ये तर रिटायर होईपर्यंत काम केलं.

विजया : मिलच्या आवाजात सगळेच हातवाऱ्यानं बोलतात. तुमीच सांगितलं होतं.

सूर्यकांत : पण पेपर... थांब. तवा मी आरशासमोर दाढी करून राहिलो होतो. पाठ होती माझी.

श्यामराव : काय चाललं तुमचं? मलेही सांगा ना.

विजया : बाबा, तुमाले ऐकू येत नाही. आमाले काहून नाही सांगितलं?

श्यामराव : येते ना. तुमीच आता हळू बोलता.

विजया : आमी?

श्यामराव : तुझी सासू गेली तवापासून. मी खोलीत आलो की तुमचं आपलं कुजबुज, कुजबुज. म्हटलं, म्हाताऱ्याच्या कामाचं नसन काही. पुन्हा पुन्हा विचारलं तर वाटन, सगळ्यात नाक खुपसते. म्हणून मंग अंदाजानं जवाब देतो. कधी बरोबर येते, कधी नाही.

विजया : बाबा, आमी कधीच कुजबुजलो नाही.

श्यामराव : नाही?

विजया : नाही.

श्यामराव : असं कसं? ... बरं, प्लांटचा भोंगा तर बंद केला ना त्याईनं?

विजया : रोज वाजते, बाबा.

श्यामराव : रोज? ... मले वाटलं, बंद केला.

सूर्यकांत : विजया, त्यांले सांग, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. ते दुसरं... ते नको सांगू.

श्यामराव : हा काय म्हणते? खाली पाहून बोलते, काही समजत नाही.

विजया : तुमीच सांगा. इकडं या, दिव्याखाली. त्यांच्या समोर.

सूर्यकांत : कैसे बोलूं? मले नाही जमत.

विजया : मान वर करा.

सूर्यकांत : बाबा... मी तुमाले उद्या... म्हणजे मले वाटलं होतं...

श्यामराव : राहू दे, सूर्या. समजलं.