दारात अडवलेली पेज

आमी मूळचे सापगावच्या पुढचे, भातवाले. बाप लवकर गेला, आईनं आमा दोघांना वाढवलं, मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला. तिला आमी बाय बोलतो. बाय वैशाखऱ्याला दिली. मी भातसानगरला धरणावर कामाला लागलो आणि दारूलापण तिथंच लागलो, खोटं कशाला बोलू. पडलो की बाय येऊन उचलून न्यायची, आंघोळ घालायची, जेवू घालायची. तिच्या हातचं खाऊन जगलोय मी.

मग कामावरच्या एकानं मला पंथात नेलं. नाव नाय घेत, आजून माझ्या वळखीची माणसं तिथं आहेत आणि त्यातली बरीचशी चांगली आहेत. माझी दारू त्यांनीच सोडवली, ते नाकारलं तर पाप लागेल. पण काय सांगू तुमाला, दारू सुटली आणि बाकीचं धरलं. कपडे कुठले घालायचे, कुणाच्या लग्नाला जायचं, सगळं विचारून. पंथातले आमचे मोठे होते ते बोलले, घरात दुसरे देव ठेवायचे नाय, दुसऱ्या देवाला दाखवलेलं अन्न उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाय. मी आईचे देव, ते चांदीचे टाक, फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. आई ओट्यावर बसली होती. अडवलं नाय तिनं. एवढंच बोलली, आता नवं कुणाला दाखवू रे?

आमच्याकडं नवीन भात आधी देवाला दाखवतात, मग घरात खातात. देव नाय म्हणून आईनं नवं खायचं सोडलं. दोन वर्षं स्वतःच्या शेतातला दाणा तोंडात घेतला नाय, रेशनचा तांदूळ वेगळा शिजवून खायची. मला वाटायचं हट्ट आहे, मोडेल. मीच असा बोलायचो, मीच.

तिसऱ्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. कापणी झाली होती, झोडणी चालली होती, तिला पडल्या जागी आवाज यायचा. बोलली, बायला सांग, नव्याची पेज आण, तिच्या देवाला दाखवून. कुणाचाही देव असू दे, दाखवलेलं असलं म्हणजे झालं. मी निरोप दिला नाय. बायकोनं दिला.

बाय दुपारची आली, मुरबाडला गाडी बदलून, पेजेचा डबा पदरात धरून, गरम राहावा म्हणून. मी दारात उभा राहिलो. बोललो, बाय, तू आत ये, डबा बाहेर ठेव. ती आधी हसलीच. बोलली, एवढा मोठा साधू झालास का रे? गटारात पडायचास तवा माझ्या कुठल्या देवाचं खाल्लंस ते विचारलंस का? बायको मागून बोलली, अहो, दोन घोट घेऊ द्या की, कुणाला कळतंय? मी बोललो, मला कळतंय. असा बोललो मी. आतून आई हाका मारत होती, बाय आली का गो, आली का? बाय तिथूनच बोलली, आले गो आई, तुझा लेक डबा आत सोडत नाय. मग तिनं डबा खाली ठेवला, आत गेली, आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि डबा उचलून चालती झाली. पाणी घेतलं नाय.

चौथ्या दिवशी आई गेली.

त्यानंतरच्या पंथाच्या सभेत मोठ्यांनी मला उभा केला. बोलले, सांग सगळ्यांना, आई मरणाला टेकली तरी तू कसा ढळला नाहीस. मी सांगितलं. दारात कसा उभा राहिलो, बहिणीला काय बोललो, सगळं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंभर माणूस टाळ्या वाजवतंय आणि मी उभा. आईला पेज दिली नाय म्हणून टाळ्या. मी चप्पल न घालता बाहेर आलो तो परत गेलो नाय. पंथातले घरी आले, समजावलं, बोलले परत दारूत जाशील. गेलो नाय. त्यांचं तेवढं माझ्याजवळ राहिलं.

वैशाखऱ्याला गेलो, बायच्या पायावर पडलो, माफी मागितली. ती बोलली, रडू नको माझ्या अंगणात. मला काय मागतोस, माझी पेज मी गुरांना घातली. आई उपाशी गेली, तिला माग.

तवापासून दर साल कापणीला जातो. भाच्यांना सांगतो, मला विळा द्या. दिवसभर कापतो, भारे वाहतो. बाय मजुरांच्या पंगतीत मलापण वाढते, घरात ये बोलत नाय, मीपण उंबऱ्यापाशी जात नाय. यंदा निघताना मागून बोलली, पुढच्या साली आठ दिवस आधी ये, खालच्या शेतातलं भात लवकर होतं. मी बरं बोललो. नाव घेऊन हाक नाय मारली, पण बोलली.

तिचं घर धान्यानं भरलेलं राहू दे, तिच्या लेकरांना तिच्या पायाशी राहू दे. मला आत बोलवावं असं मी मागत नाय. हात चालतात तोवर कापायला जाईन.