विसळलेली बाटली

तपासनीस: थांबा, काका! काय करताय ते?

पंपकाका: बाटली विसळतोय, मॅडम. दोनदा झाली, तिसरं पाणी राहिलंय.

तपासनीस: नळ बंद करा. आधी नळ बंद करा.

पंपकाका: केला. एवढं ओरडायला काय झालं? तुम्हीच म्हणालात, यंदा पाणीपुरवठ्याची मान्यता नवी करायची, तर नमुना तुमच्या डोळ्यांदेखत भरायचा. भरतोय.

तपासनीस: बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी होती ना?

पंपकाका: होती की. प्रत्येक बाटलीत असते. बोलू नये, पण तुमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धड धूत नाहीत. अकरा वर्षं तुमची घाण मी काढतोय.

तपासनीस: अकरा वर्षं?

पंपकाका: पहिल्या दिवसापासून. नोकरीत बाकी चुका झाल्या असतील, पण घाणेरड्या बाटलीत नमुना भरला, असं कोणाची म्हणायची छाती नाही.

तपासनीस: काका, ते स्टूल द्या जरा.

पंपकाका: घ्या. एक पाय डुगडुगतो त्याचा, भिंतीला टेकून बसा. चेहरा किती उतरलाय तुमचा! हे कितवं पंपघर सकाळपासून?

तपासनीस: तिसरं. अजून चार आहेत. काका, ती घाण नव्हती. ते औषध असतं. मुद्दाम घालतात.

पंपकाका: बाटलीत? कशाला?

तपासनीस: तुम्ही टाकीत क्लोरीन सोडता. ते जंतू मारतं, पण चुटकीसरशी नाही, त्याला वेळ लागतो. माणूस मात्र नळाखाली ग्लास धरतो आणि तोंडाला लावतो. बाटलीचं तसं नाही. ती तुम्ही बसने पाठवता, पोचेपर्यंत सहा तास जातात. तेवढ्या वेळात क्लोरीन बाटलीतल्या बाटलीत काम करत राहतं. ते होऊ नये म्हणून ती भुकटी. ती क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवते, म्हणजे नळाला पाणी जसं होतं तसंच तपासलं जातं.

पंपकाका: आणि भुकटी धुऊन टाकली तर?

तपासनीस: तर सहा तासांनंतरचं पाणी तपासलं जातं. ते कोणी पीत नाही.

पंपकाका: म्हणजे माझे रिपोर्ट...

तपासनीस: चांगलेच येणार.

पंपकाका: आलेच. एकशे बत्तीस महिने, एकशे बत्तीस रिपोर्ट. एकावर लाल शेरा नाही. ते भिंतीवर प्रशस्तिपत्र आहे ना, तुमच्याच साहेबांच्या सहीचं आहे.

तपासनीस: दर वर्षी बघते मी ते.

पंपकाका: मग मला कोणी सांगितलं का नाही? मी काय अडाणी आहे? सांगितलं असतं तर समजलं असतं.

तपासनीस: खोक्यात चिठ्ठी असते. बाटली धुऊ नये म्हणून.

पंपकाका: मला खोकं कधी आलं? मला आल्या सुट्या बाटल्या, पिशवीत घालून.

तपासनीस: एक खोकं चार पंपघरांत वाटतो आम्ही. चिठ्ठी पहिल्याकडेच राहते. तुमच्या हातात पहिली पिशवी मीच दिली होती, काका. नवी होते. "भरून पाठवा," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीला पळाले.

पंपकाका: मग आता काय करायचं?

तपासनीस: दुसरी बाटली घ्या. न धुता भरा. टाकी स्वच्छ आहे, क्लोरीन बरोबर आहे. हा नमुना मी स्वतः नेते. चांगला आला की मान्यता मिळून जाईल.

पंपकाका: आणि मागचं?

तपासनीस: मागचं कोण उकरणार? त्या प्रत्येक रिपोर्टवर तुमच्या सहीखाली माझी सही आहे. उकरलं तर चौकशी, नोटीस, मान्यता लटकणार. तुम्ही चार महिन्यांनी घरी बसणार. मला अजून पंधरा वर्षं काढायचीत. साठ पंपघरं आणि एकटी मी. दमले हो.

पंपकाका: शेवटच्या गल्लीतली शाळा आठवते?

तपासनीस: आठवते.

पंपकाका: एकोणतीस पोरं ओकत होती. त्यांचं जेवण माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरातून जायचं. चौकशीला सगळ्यांना बसवलं. ती म्हणाली, चार दिवस पाण्याला वास येतोय, आधी पाणी बघा. आणि मी उठलो. हातात रिपोर्ट. त्या दिवशी शाळेच्या नळाचा नमुना मीच भरलेला, आणि मीच धुतलेली बाटली! भर सभेत म्हणालो, पाण्यात खोट नाही, हिचं स्वयंपाकघर बघा. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला कुलूप लागलं.

तपासनीस: तेव्हा पाणीच वाईट होतं, असं आज छातीठोकपणे सांगता येणार नाही, काका. चांगलं होतं, असंही नाही सांगता येणार.

पंपकाका: तुम्हाला नाही, मला येतं. आठ दिवसांनी त्याच गल्लीत गटाराशेजारचा पाइपाचा जोड गळताना सापडला. मीच बदलला. तेव्हाच शंका आली होती.

तपासनीस: मग?

पंपकाका: मग काय, घरी येऊन रिपोर्ट काढला, पुन्हा वाचला. चांगला होता. मनाला म्हटलं, गप बस. ते बसलं. इतके दिवस बसलं.

तपासनीस: त्या जोडाची नोंद केली होती?

पंपकाका: न लिहून कसं चालेल? रजिस्टर आहे ना.

तपासनीस: पान काढा.

पंपकाका: आत्ताच म्हणालात, कोण उकरणार.

तपासनीस: दमलेलं माणूस काहीही बोलतं. काढा पान. मी लिहिते ते ऐका, चुकलं तर सांगा. "नमुन्याच्या बाटल्या भरण्यापूर्वी धुतल्या जात होत्या. मागील अहवाल ग्राह्य धरू नयेत. शाळेच्या प्रकरणाची फेरतपासणी व्हावी. बाटल्या देताना धुण्याबाबत सूचना दिली नव्हती." खाली माझं नाव.

पंपकाका: शेवटचं वाक्य नसलं तरी चाललं असतं, मॅडम.

तपासनीस: मला चाललं नसतं. मान्यता तूर्त थांबेल. नवा नमुना येईपर्यंत लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा.

पंपकाका: सांगतो. ते प्रशस्तिपत्रही उतरवतो.

तपासनीस: ते पळून जात नाही. आधी बहिणीला फोन करा.

पंपकाका: चौदा महिने झाले, माझा फोन उचलत नाही ती.

तपासनीस: हा घ्या माझा. नंबर पाठ आहे?

पंपकाका: तेवढा एकच पाठ आहे.

(तो स्पीकर चालू करतो. घंटा बराच वेळ वाजते.)

धाकटी: हॅलो? कोण बोलतंय?

पंपकाका: मी गं. ठेवू नकोस.

धाकटी: बोल.

पंपकाका: पाणीच होतं ते. तुझी काही चूक नव्हती. माझे रिपोर्ट चुकीचे होते. मुद्दाम नाही केलं गं. नमुना भरायच्या आधी मी बाटली धुवायचो. ती धुवायची नसते, हे आज कळलं.

धाकटी: तीन पाण्यांनी धुवायचास?

पंपकाका: तीन पाण्यांनी.

धाकटी: आईची शिस्त.

पंपकाका: हो. मॅडम लिहून देतायत, फेरतपासणी होईल. ते कुलूप काढायला लावीन मी. ज्या लोकांपुढे तेव्हा बोललो, त्यांच्यापुढे पुन्हा उभा राहून सांगेन. तू काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर.

धाकटी: काय बोलू, दादा? त्या दिवशी पोरांची ताटं मीही तीन पाण्यांनीच धुतली होती. तुझ्याच नळाच्या.