उशीचे जंतू

…नाही, पण मी म्हणतो, गावात एवढी माणसं असताना ह्याच्याच पोटातले जंतू मला का? तुम्हीच सांगा! उभा जन्म बातमीदारीत गेला, आजारपणाची रजा म्हणून नाही! ताप आला की गोळी, घसा बसला की त्याहून मोठी गोळी, आणि पुन्हा कोर्टाच्या पायरीवर हजर! आणि तो? तो घरी झोपला होता!

तो म्हणजे उशी. समोरच्या पेपरचा बातमीदार. साधी शिंक आली की पांघरूण घेऊन आडवा, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. काय दिवस होते हो ते! कोर्टाच्या जिन्याखाली आमची खोली, एक डुगडुगतं टेबल, एकच टेलिफोन, आणि त्यावर आमची झोंबाझोंबी! माझा डबा खायचा, माझ्याच ग्लासातनं चहा प्यायचा, वर माझीच बातमी पळवायचा… आणि लिहायचा काय? घाण! मी तोंडावर सांगायचो, "उश्या, घाण लिहितोस!" तो म्हणायचा, "पण वाचतोस ना?" गिरणीला आग लागली, मी तापाने फणफणत धुरात उभा. आणि तो? घरी झोपला होता!

तर तुम्हाला सांगतो, यंदा दाढ दुखली, पुन्हा गोळ्या… आणि पोट जे बिघडलं ते बिघडलंच! पट्ट्याला भोकं पाडून पाडून पट्टा संपला! पोटाच्या डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीच्या वयाच्या, म्हणतात, "काका, आतड्यात चांगले जंतू असतात, ते वाईटांना थारा देत नाहीत. तुम्ही जंतू मारायच्या गोळ्या खाऊन खाऊन त्यांनाच मारलंत. आता एक दांडगा जंतू माजलाय. कुणातरी निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून तुमच्या आतड्यात सोडायची."

म्हटलं, "बाई, शुद्धीवर आहात ना?"

"जिवावर बेतलंय, काका."

झालं! घरच्यांची तपासणी. मुलगा नापास, गेल्याच महिन्यात त्याच गोळ्या! सून नापास, जावई नापास… शेवटी आमच्या हिने मला न विचारता फोन कुणाला करावा? उशीला! त्याचं वय ऐकून बाईंनी आधी नाक मुरडलं, पण तपासण्या झाल्या आणि डोळेच विस्फारले, "काय सुंदर आतडं आहे हो! ह्यांनी आयुष्यभर केलं तरी काय?"

काय करणार? घरी झोपला होता!

पलंगाशी आला, खांद्याला तीच जुनी पिशवी, म्हणाला, "घे रे. जन्मभर तुझा डबा खाल्ला, परत करतोय." आणि हसलो हो दोघं… सलाइनची बाटली हलेपर्यंत!

बरा झालो. खोटं कशाला बोलू? त्याच्या घाणीनेच वाचलो! मग परवा सर्दी झाली, सवयीने गोळी आणायला निघालो तर ही दारात उभी, "उशीभावजींच्या मेहनतीचं मातेरं करू नका!" घेतलं पांघरूण. संध्याकाळी उशीचा फोन, "अरे, आपलं जुनं कोर्ट पाडलं! जिन्याखालची खोली शेवटपर्यंत टिकली होती बघ… मी सकाळपासून धुळीत उभा. तुझी वाट बघत होतो. होतास कुठे?"

बघा! जन्मात पहिल्यांदा हा बातमीवर वेळेत हजर! आणि मी?

मी घरी झोपलो होतो!