सातही चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात

—नाही हो, पाणी नाही लागलेलं. छपाईचाही दोष नाही. पुसू नका, फडका ठेवा बाजूला, जाणार नाही तो. सातही चित्रांवर तिथेच आहे ना? उजवीकडे, वरच्या कोपऱ्याजवळ, नखाएवढी उजळ कोर? माहितेय मला. तुम्ही आत येऊन किती वेळ झाला? चित्रं जमिनीवर मांडलीत, टेप काढलीत आणि म्हणालात, ‘साहेब, सगळ्यांना डाग एकाच जागी कसा पडला?’ पाच मिनिटं झाली असतील, फार तर. अकरा वर्षं, फ्रेमवाले. अकरा वर्षं मी ही कोर जगाला दाखवत फिरलो आणि एकाही शहाण्याने हा प्रश्न मला विचारला नाही. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, स्टुलावर बसा. आणि आधी ते दार लावून घ्या. बाहेर बाकावर एक मुलगी बसलीय, बघितलीत ना? तीच, तुमचे हात भरलेले होते म्हणून जिने दार धरलं ती. माझी विद्यार्थिनी. सकाळी नऊपासून बसलीय. बसू दे.

काय आहे म्हणता हे? दीर्घिका. एकेका चित्रात एकेक. आपला सूर्य जसा एक तारा, तसे अब्जावधी तारे एका ठिकाणी फिरतायत, त्याचं नाव दीर्घिका. आणि ती कोर म्हणजे नव्या ताऱ्यांची पैदास— गॅस दाबला जातो, गोळा होतो, पेटतो. तिथला उजेड ठरावीक लाल रंगाचा असतो. तेवढाच लाल आत सोडणारी एक काच कॅमेऱ्यापुढे लावायची, बाकी सगळं बाहेर. की दिसलं, कुठे जन्म चाललाय ते. सोपं आहे. लाल म्हणालो खरा, इथे जांभळं केलंय, बघा ना! आमच्या प्रसिद्धीवाल्या बाई. मूळ चित्र राखाडी असतं हो, राखेसारखं. बाई म्हणाल्या, ‘लोकांना जांभळा आवडतो.’ दाढी म्हणाला— दाढी म्हणजे आमचा संचालक— ‘सर, थोडी चमक हवीच.’ शिसारी येते मला. साड्यांचं दुकान आहे का हे? आणि उद्या प्रदर्शन उघडलं की दरवाजातून येणारा प्रत्येक जण यांच्यापुढे उभा राहून फोटो काढणार. म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. मापं घ्या, आज फ्रेम, उद्या भिंतीवर.

तर सात दीर्घिका, एकाच समूहातल्या. आणि सातही जणींना कोर उजवीकडेच. आता तुम्ही म्हणालात डाग. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, वारा! एका बाजूने विरळ गॅसचा वारा येतोय, सातही जणी त्यात तोंड करून धावतायत, पुढची कड दाबली जाते, म्हणून जन्म तिकडेच. काय सुंदर वाटलं होतं. खरंच सांगतो, झोप आली नव्हती आनंदाने. लेख छापला. छापण्याआधी तिघांनी तपासला— मोठी माणसं, नावाजलेली— तिघांनी विचारलं, वारा किती वेगाचा? एकाने विचारलं, वारा किती गरम? वारा आहे का, हे कोणी विचारलं नाही. पुढे त्या वाऱ्यावर आणखी तिघाचौघांनी लेख लिहिले. एकाने तर मोजला तो. नसलेला वारा मोजला! हसू नका. बरं, हसा. किळस येते नाही का? मला येते. परिषदांना जातो ना, गळ्यात नावाचे बिल्ले, मशीनच्या कॉफीचे कागदी पेले, आणि माना हलवणारी ती माणसं— ‘वा, तुमचा वारा!’ अरे कसला वारा.

डाग आहे तो. बरोबर ओळखलंत. त्या लाल काचेतच उजेड उलटसुलट आपटतो आणि कोपऱ्यात सांडतो. दीर्घिकेचा मधला भाग फार उजळ, त्याचंच हे उष्टं. तुम्हाला तर रोजचं असेल हे, फ्रेमच्या काचेत समोरचा बल्ब दिसतो तसं. या बाहेर बसलेल्या मुलीने काढलं शोधून. काय केलं तिने? काही विशेष नाही. कॅमेरा नव्वद अंशांनी फिरवला आणि तीच दीर्घिका पुन्हा टिपली. आता कॅमेरा फिरवला की चित्रातली दीर्घिका फिरणार, आणि कोर तिचीच असेल तर तिच्याबरोबर कोरही फिरणार. दीर्घिका फिरली. कोर उजव्या कोपऱ्यात, जागची हलली नाही. संपलं. दहा मिनिटांचं काम.

माझ्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. चिंचोळं, एका वेळी दोनच गिऱ्हाईकं उभी राहतील एवढं. म्हातारी माणसं यायची, ‘डोळ्यासमोर ठिपका दिसतो हो,’ म्हणायची, घाबरलेली असायची. बाबा त्यांना काही तपासायच्या आधी सांगायचे, ‘चष्मा जरा फिरवा नाकावर. ठिपका फिरला ना? मग काचेवर आहे, जगात नाही.’ आणि शर्टाच्या टोकाने पुसून द्यायचे. दहा वर्षांचा होतो मी, शाळा सुटली की काउंटरमागे बसायचो, शंभरदा ऐकलंय. दहा वर्षांच्या पोराला कळत होतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

का नाही फिरवला मी कॅमेरा? चांगलं विचारता. मला काय माहीत असणार, फ्रेमवाले? लोकांना वाटतं वेधशाळेत वेळच वेळ असतो. वर्षाकाठी सहा रात्री मिळतात, त्यात ढग, त्यात थंडी, त्यात यंत्र बिघडतं. त्या थंडीत तो कॅमेरा सोडवून फिरवून पुन्हा घट्ट करायचा म्हणजे बोटं वाकत नाहीत, आणि फिरवताना तो खालचा स्क्रू तर असा अडकतो की—

हो. फिरवला होता.

एकदाच. तिसऱ्या वर्षी. सहजच, बाबांची आठवण आली म्हणून. आणि चित्र पडद्यावर आलं, आणि मी बघितलं. मग काय केलं? वहीत त्या रात्रीपुढे लिहिलं, ‘ढग. निरीक्षण निरुपयोगी.’ एवढंच. स्वच्छ आकाश होतं हो. असं आकाश वर्षातून एकदा मिळतं. मी बाहेर येऊन उभा राहिलो होतो, वर एक ढग नव्हता, आणि मी ढग लिहिलं. तेव्हा लेखाला वर्षही झालं नव्हतं. चूक झाली, माफ करा, म्हटलं असतं तर लोक चार दिवस हसले असते. बस. आता आठ वर्षं त्यावर मजले चढलेत.

आणि ही बया जुन्या वह्या काढून बसली! शेजारच्या दुर्बिणीची त्याच रात्रीची वही आणली तिने. त्यांच्या वहीत ढग नाही. काल माझ्यासमोर दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या, आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाली, ‘सर, इथे काहीतरी चुकून लिहिलं गेलंय का?’ चुकून! मला वाट काढून देत होती. माझ्या मुलीहून लहान पोरगी मला वाट काढून देतेय. आणि मी काय म्हणालो? चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, ‘तुला कॅमेरा नीट बसवता येत नाही, आणि मला शिकवतेस?’

हे बघा पत्र. वाचा की, शेवटची ओळ वाचा. तुम्ही चष्मा आणला नाही? मीच वाचतो. ‘उमेदवाराकडे निरीक्षणाची मूलभूत दृष्टी नाही, प्रबंध स्वीकारू नये.’ सुबक आहे ना? माझीच भाषा. पाच वाजता ऑफिसचा शिपाई येईल, सही झाली की तिची सहा वर्षं गेली. तिला बोलावलंय, पण कशाला ते सांगितलं नाही. पाण्याची बाटली आणि ती फाईल मांडीवर घेऊन बसलीय. दाराखालच्या फटीतून तिचे बूट दिसतात मला, मघापासून दिसतायत. हलतही नाहीत.

आणि सही केली नाही तर? तर उद्या भिंतीवर काय लावायचं? दाढी तर मला फाडूनच खाईल. ऐका, मला एक सुचलंय. चित्रं चौरस आहेत ना? चारही बाजू सारख्या. मग फिरवून लावा. एक आहे तसं, दुसरं आडवं, तिसरं उलटं, मग कोर कुठे खाली जाईल, कुठे डावीकडे, कोणाच्या बापाला कळणार नाही. यात खोटं काहीच नाही हं. आकाशाला वर आणि खाली नसतंच मुळी, कोणीही सांगेल. तुम्ही फक्त मागे हुक लावताना—

अहो, टेप का गुंडाळताय?

माप घेऊन झालं नाही तुमचं. दोनच चित्रांचं झालंय, बघत होतो मी. काय झालं? फिरवून लावा म्हणालो म्हणून? तुमचं काय जातंय, फ्रेम तुमची, चित्र माझं! त्या दाराकडे काय बघताय? माझ्याकडे असं बघू नका. बाबा असेच बघायचे, एखादं गिऱ्हाईक कोणाचा हरवलेला चष्मा आपलाच म्हणून सांगायचं तेव्हा. नुसता चष्मा काउंटरच्या आत सरकवायचे.

थांबा. थांबा, बॅग उचलू नका. कानामागची ती पेन्सिल द्या. द्या म्हणतो ना. जाडच हवी. सरका जरा, मला खाली बसायचंय— गुडघे, हं— हे पहिलं. कोरीभोवती गोल. उमटत नाही या गुळगुळीत कागदावर. दाबून काढतो. चरा पडला? पडू दे. दुसरं. अहो, पाय काढा त्यावरून. तिसरं. बाईंचा जांभळा गेला बघा. चौथं. हे सगळ्यात प्रसिद्ध, याच्यावर मला शाल मिळाली होती, शी! पाचवं. आता नाही लागणार भिंतीवर. कसंही फिरवलं तरी नाही लागणार. सहावं. ते पत्र द्या टेबलावरचं. नाही, फाडत नाही, मागची बाजू कोरी आहे, तिच्यावरच लिहायचंय मला, त्या रात्रीचं. आकाश स्वच्छ होतं, एवढं तरी. आणि हे सातवं.

तुटलं टोक. घ्या तुमची पेन्सिल. जा आता. काही सांगू नका तिला. दार तेवढं उघडंच राहू द्या.