चष्मेवाल्याच्या खिशातली बाटली

(स्वयंपाकघर. भावाचा हात नळाखाली. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं.)

बहीण : हलवू नकोस, काच आहे आत. कुणाला मारून आलास?

भाऊ : कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला. सभेत भाषण ठोकत होता. गांजाला परवानगी द्या म्हणे, कायदा करा म्हणे! बाहेर आला तसा धरला कॉलरला.

बहीण : त्याला? अरे देवा! कितपत मारलंस?

भाऊ : पहिल्याच ठोशात आडवा. तरी बडबड चालूच, ‘ऐकून तर घे, ऐकून तर घे.’ मग घातल्या लाथा. बरगडी गेली बहुतेक, आवाज आला.

बहीण : आणि लोक काय बघत बसले?

भाऊ : टाळ्या वाजवल्या! बेकरीवाला म्हणाला, माझ्यातर्फे अजून एक घाल.

बहीण : तो स्वतः दुपारपासून तर्र असतो.

भाऊ : दारूचं वेगळं. दुकान असतं, बाहेर पाटी असते.

बहीण : हो ना, पाटी लावली की झालं सोवळं.

भाऊ : तू नको शिकवूस. आपल्या धाकट्याने गच्चीवरून उडी मारली तेव्हा खिशात काय सापडलं? गांजाची पुडी!

बहीण : आणि पोटात? तुझ्यासोबत बसून ढोसलेली दारू. पेपरात पुडीच तेवढी छापून आली, म्हणून गल्लीला पुडीच पाठ.

भाऊ : तोंड आवर. नाहीतर कानाखाली...

बहीण : मार ना. दुसरा हात चांगला आहे अजून.

भाऊ : काढ ती काच गुपचूप.

बहीण : ही तपकिरी आहे. चष्म्याची नाही.

भाऊ : बाटली होती त्याची. खाली पडल्या पडल्या खिशातून काढून माझ्यापुढे धरली. हिसकावून भिंतीवर हाणली, ती हातातच फुटली.

बहीण : बाटली देताना काय म्हणाला?

भाऊ : ‘घरी घेऊन जा’ म्हणाला! निर्लज्ज. मार खाताखाता मलाच नशेला लावायला निघाला.

बहीण : तुला नव्हती रे ती. अप्पांना होती.

भाऊ : कसली? काय बरळतेस?

बहीण : गांजाच्याच झाडाचं तेल, दुखणं थांबवायला. जिभेखाली थेंब द्यायचा. बायको अप्पांसारख्याच हाडांच्या कॅन्सरने ओरडत गेली त्याची, तेव्हापासून तो हे करतो. आपल्याकडून दमडी घेतली नाही कधी.

भाऊ : अप्पा हॉस्पिटलच्या गोळ्यांनी झोपतात.

बहीण : त्या ओकून टाकतात. मीच पुसते, मला विचार. कालच बाटली संपली, आज नवी आणणार होता.

भाऊ : मला का नाही सांगितलंस?

बहीण : सांगितलं असतं तर आज त्याच्या जागी मी पडले असते.

भाऊ : मी... दुसरी असेल ना त्याच्याकडे? जाऊन मागतो.

बहीण : कुणाकडे मागतोस? बरगडी मोडलेल्या माणसाकडे?

अप्पा : (आतून) कोण आहे गं? ये ना... कंबर फुटतेय माझी.

बहीण : आले अप्पा.

भाऊ : थांब, मी जातो. अप्पा, मी आहे. कंबर दाबून देऊ?

अप्पा : तू नको रे बाबा. तुझा हात लागतो फार. तिला पाठव.