खेचराचं शेपूट

(चेक देशातल्या हाना प्रांतातलं एक गाव. थंडी पडायला लागलीय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर वीतभर लांबीचं एक अर्धवट विमान. लुमीर दिवसभर बस चालवून आलाय, गणवेशही उतरवलेला नाही. समोर त्याची आई ओटिली, कोट घालूनच बसलेली. बायको इवोना चुलीपाशी.)

ओटिली : नाही म्हटलं ना एकदा. शनिवारी मी येणार नाही. रागवायचं तर खुशाल रागव.

लुमीर : आई, तू अजून ते नीट पाहिलंही नाहीस.

ओटिली : खरंखुरं विमान पाहिलंय की मी. तुझ्या जन्माच्या आधी. आता हे खेळणं बघून काय करू?

इवोना : कोट तरी काढा, आई. परक्याच्या घरी आल्यासारख्या काय बसलात.

ओटिली : पाचची बस आहे मला. तू फोनवर म्हणालीस, लुमीर जेवत नाही, झोपत नाही, म्हणून आले. इथं येऊन बघते तर टेबलावर हे. आणि घरभर वास कसला हा?

इवोना : गोंदाचा. बरा म्हणायचा. आपलं गावचं चीज उघडलं की याच्या गोंदाचा वास अत्तर वाटतो.

लुमीर : इवोना, थांब जरा. आई, आमच्या छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये फक्त एक दिवस मांडणार आहोत. सगळ्यांचीच विमानं असणार, माझं एकट्याचं नाही. खाली एक छोटी पाटी. बाबांचं नाव, वेंदेलीन स्कोपाल, विमानाचा प्रकार, साल. बस्स, एवढंच.

ओटिली : पाटीवर एवढंच. पण येणारे म्हातारे मनात पुढचं वाचतील. हाच तो स्कोपाल, आदल्या दिवशी मेव्हणीच्या लग्नात प्यायला आणि सकाळी विमान घेऊन शेतात उलटून मेला. शिळ्या कढीला ऊत कशाला आणतोस? दुकानात रांगेत उभी राहिले की माझ्यामागं बायकांची कुजबुज थांबायची. तू शाळेत मारामारी करून यायचास, ते कशावरून, हे मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला? आता कुठं जरा लोक विसरलेत. मला ही उरलेली वर्षं तरी गपगुमान काढू दे रे. थकले मी.

लुमीर : मीही थकलोय, आई. म्हणून तर करतोय.

ओटिली : हे तर जर्मनांचं विमान. डब्यावर काळे क्रॉस आहेत बघ. बापाच्या नावानं जर्मनांचं विमान मांडणार?

लुमीर : अंग जर्मनांचंच. जोडायच्या सुट्या भागांचा डबा जर्मनांच्या विमानाचा मिळतो, बाबांचं कुणी बनवत नाही. मलाच बदलून घ्यावं लागतं. युद्ध संपल्यावर यांचे सांगाडे आपल्याकडे राहिले होते, पण त्यांची इंजिनं गोदामात जळून गेली. मग बाँब टाकणाऱ्या मोठ्या विमानाचं इंजिन होतं, ते धूडच या चिमुकल्याच्या तोंडावर बसवलं.

ओटिली : नाकापेक्षा मोती जड.

लुमीर : तेच. मी पण तसंच केलं. करवतीनं नाक कापलं, भेगा बुजवायच्या लांबीचं नवं नाक घडवलं, घासलं, परत घडवलं. दोनदा सुकताना तडकलं. आणि पंखा बघ, डब्यातली पाती नाजूक होती, ती चालत नाहीत. याची पाती वल्ह्यासारखी रुंद. ती आइस्क्रीमच्या काड्यांतून कोरली.

इवोना : ती आइस्क्रीमं मी खाल्ली. ऑक्टोबरच्या थंडीत, घसा धरलेला असताना. पाटीवर माझं पण नाव लाव म्हणावं.

ओटिली : तुझा बाप याला खेचर म्हणायचा.

लुमीर : सगळेच म्हणायचे.

ओटिली : धड घोडा नाही, धड गाढव नाही, म्हणायचा. याहून जास्त घरात बोलायचा नाही. विमानाचं दाराबाहेर, असा नियम होता त्याचा. मला लग्नाआधी वाटायचं, वैमानिकाशी लग्न केलं की गोष्टी ऐकायला मिळतील. हवेत कसं वाटतं, वरून आपलं गाव कसं दिसतं. कसलं काय. यायचा, बूट काढायचा, खुर्चीत पडायचा. बरं, झालं हे सगळं? मग अडलं कुठं? जेवत का नाहीस?

इवोना : तेच तर. तीन आठवडे झाले, विमान पूर्ण आहे. एक तुकडा तेवढा राहिलाय. घरी आला की तो चिमट्यात धरतो आणि बसून राहतो. सूप निवून जातं. मी विचारलं, बाबा रे, एवढं काय आहे त्यात? तर म्हणे, तुला नाही कळायचं. म्हणून तुम्हाला बोलावलं. माझं डोकं आता चालत नाही.

ओटिली : दाखव बघू. हा? नखाएवढा तर आहे.

लुमीर : शेपटावरचं सुकाणू आहे. हे मीच कापून सुटं केलं. आता परत चिकटवायचंय, पण कसं चिकटवू ते कळत नाही. क्लबचे अध्यक्ष म्हणतात, सरळ लाव, उगाच नाटक करू नकोस, उभं असलेलं विमान सरळच शोभतं.

ओटिली : मग लाव की सरळ.

लुमीर : सरळ लावलं, तर त्या लोकांचंच म्हणणं मी माझ्या हातानं खरं केलं असं होईल.

ओटिली : कसं काय? मला समजेल असं सांग. मी काही क्लबात जात नाही.

लुमीर : हे विमान जमिनीवरून पळायला लागलं ना, की डावीकडे ओढ घ्यायचं. जोरात. त्या जड इंजिनामुळं आणि त्या वल्ह्यांमुळं. सरळ ठेवायचं तर सुकाणू उजवीकडे वळवून धरावं लागायचं, आणि ते पायानं वळतं. दोन पेडल असतात. उजव्या पायानं जीव खाऊन दाबून धरायचं, तेव्हा कुठं गडी सरळ पळायचा. त्या दिवशी विमान डावीकडे गेलं आणि उलटलं. चौकशीवाले म्हणाले, यानं पेडल दाबलंच नाही. झिंगेत होता, त्याला सुचलंच नाही.

ओटिली : हं.

लुमीर : मी तिथं नव्हतो, आई. मी तुझ्या पोटात होतो. उजवीकडे वळवून लावलं, तर मी माझ्या मनचं खोटं चिकटवतोय. सरळ लावलं, तर त्यांचं. लोकांना वाटतं प्लास्टिकचा तुकडा आहे. मला तो हातात घेतला की गोंदाची नळी उघडवत नाही. शनिवारी ज्यांना माहितीय, ते पहिलं शेपूटच बघणार.

ओटिली : कुठला पाय म्हणालास?

लुमीर : उजवा.

ओटिली : नक्की?

लुमीर : नक्की. का गं?

ओटिली : इवोना, पाणी दे मला.

इवोना : घ्या. काय होतंय, आई? चेहरा असा का झाला तुमचा?

ओटिली : मी चांभाराकडे एकच बूट घेऊन जायचे.

लुमीर : कसला बूट?

ओटिली : तुझ्या बापाचा. उजवा. डाव्याचा तळवा जसाच्या तसा, आणि उजव्याचा पार उडालेला. एका उन्हाळ्यात दोनदा बसवून घेतला. चांभार चेष्टा करायचा, बाई, तुमच्या नवऱ्याला एकच पाय आहे का, की तो उजव्या पायानं कुणाशी भांडतो? मी घरी येऊन सांगितलं, तर हसला. म्हणाला, खेचर लाथा मारतं गं, मी पण मारतो. रात्री उजवी पोटरी अशी दगडासारखी व्हायची त्याची. कापराचं तेल लावून मी चोळून द्यायचे. मला वाटायचं, असेल काही चालण्याची खोड. पेडल बिडल मला कोण सांगणार?

लुमीर : हे तू कधी बोलली नाहीस.

ओटिली : मला कुणी विचारलं? ते तिघं चौकशीवाले आले होते, याच अशा टेबलाशी बसले. आदल्या दिवशी काय प्यायला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन पेले वाइन, बहिणीचं लग्न होतं. खरं तेच सांगितलं. मग आणखी कशाला काही विचारतील? त्यांना हवं ते मिळालं होतं.

लुमीर : पण आई, बूट झिजला म्हणजे रोज दाबायचा, एवढंच. त्या दिवशी दाबला का, ते त्यावरून नाही कळत.

ओटिली : बापाचं सामान आणून दिलं ना, त्यात एकच बूट होता.

लुमीर : कुठला?

ओटिली : डावा. जो पोरगा शिपाई घेऊन आला होता त्याला मी म्हटलं, अरे, दुसरा कुठाय? त्याच्यावर मी परवाच नवा तळवा बसवलाय. बघ, त्या घडीला मला काय सुचलं. नवरा गेला आणि मी तळव्याचं बोलतेय. तो पोरगा खाली बघत म्हणाला, तो निघाला नाही, बाई. पेडलात गच्च रुतून बसलाय, पार पुढं. पाय काढला, बूट तिथंच राहिला.

इवोना : देवा.

ओटिली : पार पुढं, म्हणाला. मला त्याचा अर्थच कळला नाही. मी आपली कितीतरी दिवस चरफडत होते, चांगला नवा तळवा, तोच नेमका गेला.

लुमीर : आई.

ओटिली : थांब. बोलू दे मला. तुला वाटत असेल, मी लोकांना घाबरून येत नाही. लोकांचं काय, लोक बोलतातच. मीच ते खरं मानलं होतं, लुमीर. पोटुशी बायको घरात आणि हा पिऊन विमानात बसला. माझा विचार नाही केला, तुझा नाही केला. सगळा जन्म मी त्याच्यावर राग धरला. त्याच्या थडग्यावर फुलं ठेवायची, ती पण रागानं ठेवायची. आणि तो तिथं पाय रोवून बसला होता.

लुमीर : हो.

ओटिली : किती वळतं ते?

लुमीर : एवढं. याच्यापुढं जात नाही.

ओटिली : मग तेवढं लाव. अर्धमुर्धं नको. जाईल तितकं.

लुमीर : लावतो. पण मला हात दोनच, एकात विमान, एकात गोंद. गोंद लावला की हे तसंच धरून ठेवावं लागतं, नाहीतर परत सरळ होतं.

ओटिली : दे इकडे, मी धरते. इवोना, आधी हा कोट काढ गं माझा, बाही लागेल त्याला. हां. असं? उजवीकडे?

लुमीर : असंच. जोर नको लावूस. नुसतं बोट टेकव.

इवोना : आई, पाचची बस आली बघा वळणावर.

ओटिली : जाऊ दे तिला. हे सुकू दे आधी.