रस्त्यापलीकडची दुसरी गोळी

शेरीफचे ठाणे, ड्राय फोर्क, टॅमरॅक काउंटी.

मी, व्हर्ला जून टिबेट्स, वय ६४ वर्षे, धंदा गुरेपालन, राहणार टिबेट्स रँच, जुनिपर क्रॉसिंगजवळ, ठाण्यात समक्ष हजर राहून माझ्या तोंडाने सांगते की, मला कोणी पकडून आणलेले नाही. माझी पिकअप मी स्वतः चालवत आले. जबाब लिहून घेणारा डेप्युटी डेल टिबेट्स हा माझ्या मयत नवऱ्याचा सख्खा पुतण्या आहे, पण आज ठाण्यात दुसरे कोणी नाही, त्याला इलाज नाही. मी बोलते तसेच लिहायचे, वर साखर पेरायची नाही, असे मी त्याला सुरुवातीलाच बजावले आहे.

माझ्या रँचच्या मधून हायवे जातो. पूर्वेला माझे विणीचे कुरण, पश्चिमेला गवताचे. गुरांना ये-जा करायला रस्त्याखालून बोगदा आहे. दोन्हीकडचे कुंपण माझे आणि दोन्हीकडचा कर मीच भरते. पण कायद्याने रस्त्याच्या पूर्वेचा लांडगा राज्याचा आणि पश्चिमेचा केंद्राचा. पूर्वेला राज्य परवानगी देऊ शकते. पश्चिमेला लांडग्याला बोट लावले तरी खटला. रस्ता झाला तेव्हा माझ्या सासऱ्याला सांगितले होते की हा नुसता रस्ता आहे.

या वसंतात पूर्वेच्या कुरणातली माझी वासरे लांडग्याने फाडली. राज्याच्या वन्यजीव खात्याचा कर्टिस ऑयलर येऊन जखमा बघून गेला आणि लांडग्याचेच काम असे त्याने मान्य केले. मला एक लांडगा मारायची परवानगी मिळाली, फक्त पूर्वेला. तो कागद पिकअपच्या काचेला आतून चिकटवलेला आहे, पाहिजे तर बघून घ्या.

काल सकाळी एक पहिलटकर कालवड कुरणात व्याली होती आणि लांडगा तिच्या वासरावर चालून आला. मी गोळी झाडली. तेव्हा लांडगा पूर्वेला होता, मीही पूर्वेला होते. गोळी कमरेत लागली. नेम हलला, तो माझा दोष. मागचे धड ओढत तो बोगद्यातून पलीकडे गेला आणि पश्चिमेच्या गवतात पडला.

आमच्या भागात ज्याची पहिली गोळी त्याचीच शेवटची. हरीण असो, कोयोटी असो, पाय मोडलेला स्वतःचा घोडा असो. घायाळ जनावर तसेच टाकून घरी जाणाऱ्याला आमच्याकडे कोणी जेवायला बोलवत नाही. बापाने मला बंदूक नंतर दिली, हे आधी शिकवले. तरीही मी कायदा मानून बोगद्याच्या तोंडाशी थांबले आणि कर्टिसला फोन केला.

तो म्हणाला, “पलीकडे गेला? मग तो आता माझा नाही, व्हर्लाबाई. हात लावू नका.”

मी म्हणाले, “त्याच्या गळ्यातला पट्टा तुमच्या खात्याचा आहे.”

“पट्टा आमचा, लांडगा त्यांचा,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

मग केंद्राच्या कार्यालयाला लावला. आधी बराच वेळ गाणे वाजले. मग एका बाईने विचारले, “जिवंत आहे का?” मी हो म्हटले. “मग जवळ जाऊ नका. आमचा माणूस उद्या येईल.” मी विचारले, उद्यापर्यंत त्याने काय करायचे? ती म्हणाली, “मॅडम, ते सांगायचा मला अधिकार नाही.” मग कोणाला आहे? तिने मला कर्टिसचा नंबर दिला.

मला लांडग्यांचा पुळका नाही, हे ठळक लिही. या लांडग्याने माझी जिवंत वासरे मागून खाल्लेली आहेत. पण तो पडल्या जागी गवत चावत होता, तोंडातून आवाज काढत नव्हता, आणि कावळे उतरून त्याच्या डोळ्यांपाशी यायला लागले होते. माझ्या डोक्याचा भडका उडाला. लांडग्यावर नाही, फोनवरच्या त्या दोघांवर. मी बोगद्यातून पलीकडे गेले. मी पोचले तेव्हा लांडगा (येथे एक शब्द खोडला आहे) जिवंत होता. मी त्याच्या डोक्यात गोळी घातली. तेव्हा लांडगा पश्चिमेला होता, मीही पश्चिमेला होते.

नंतर मी दोघांनाही परत फोन करून हे सांगितले. मेला म्हटल्यावर मात्र दोन्ही खाती दुपारच्या आत हजर. टेप धरून रस्त्यापासून अंतर मोजले आणि मढे कोणाच्या गाडीत घालायचे यावरून माझ्या गवतात उभे राहून भांडले. जिवंत होता तोवर त्याला कोणी वाली नव्हता, मेल्यावर दोन बाप निघाले.

केंद्राच्या माणसाने मला सांगितले की पश्चिमेला मारल्याचे ठरले तर खटला होईल आणि डोंगरावरची उन्हाळी चराई बंद होऊ शकते. ती चराई केंद्राच्या हातात आहे. ती गेली तर मला सगळी गुरे विकावी लागतील, मग नुसत्या कुंपणाचे मी काय करू?

तो गाडीकडे गेल्यावर कर्टिस मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम्ही पोचलात तेव्हा तो मेलेलाच होता, हो की नाही? पहिल्याच गोळीने. म्हणजे सगळं पूर्वेलाच झालं. मी तसा अहवाल देतो.”

मी म्हणाले, “कर्टिस, तू फोन ठेवलास तेव्हा तो जिवंत होता. तुलाही ते ठाऊक आहे.”

तो म्हणाला, “मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

माझे भले त्याला सकाळी सुचले असते तर एवढे झालेच नसते. मेलेला होता म्हटले, तर मला फोनवर कोण काय बोलले त्याला काही अर्थच उरत नाही. ते दोघेही धुतल्या तांदळासारखे मोकळे होतात. मी सुटेन, हे मला कळते. पण त्यांना मी सुटू देणार नाही.

हा जबाब डेलने मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्याने ‘मी पोचले तेव्हा लांडगा मृत होता’ असे लिहिले होते. मी त्याला तिथेच थांबवले.

तो म्हणाला, “काकू, गुरं जातील. काकांनी जन्म घातला त्यात. एकच तर शब्द आहे.”

मी म्हणाले, “एकच आहे ना, मग खोडायला वेळ लागणार नाही.”

त्याने पेन उचलले. मग खोडून ‘जिवंत’ लिहिले आणि तेवढे वाक्य मला परत वाचून दाखवले. आता जबाब मी बोलले तसा आहे. खोडलेल्या शब्दाशेजारी माझी सही आहे, खालीही आहे.

(सही) व्हर्ला जून टिबेट्स
समक्ष: (सही) डेप्युटी डेल टिबेट्स